ओटीपी कुणालाच सांगितला नव्हता : वीजबिलाच्या मेसेजवरून झालेल्या एका फसवणुकीचे प्रकरण

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहणारे निवृत्त जिल्हा परिषद शिक्षक, वय सदुसष्ट. गावात सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, म्हणून इथेही गुरुजीच म्हणतो. ओळख पटू नये म्हणून रकमा आणि वेळा थोड्या बदलल्या आहेत, घटनांचा क्रम मात्र जसाच्या तसा आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या अशा तक्रारींचे कागद तयार करून द्यायचे काम मी करतो. हे प्रकरण माझ्याकडे आले ते दुसऱ्या दिवशी सकाळी.

घरात गुरुजी, काकू आणि गुरुजींची नव्वदीतली आई. आईंना रात्री ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतो, आणि ते यंत्र विजेवर चालते. मुलगा आणि सून पुण्यात. गुरुजींची पेन्शन एका बँकेत जमा होते, त्याच शाखेत तीन लाखांची मुदत ठेव. स्मार्टफोन मुलाने घेऊन दिलेला. त्यावर गुरुजी व्हॉट्सॲप वापरतात आणि बातम्या वाचतात. नेटबँकिंग त्यांनी कधीच वापरले नव्हते. वापरत नाही म्हणजे तिकडून धोका नाही, असे त्यांना वाटायचे. तसे वाटणारे पुष्कळ आहेत.

"ओटीपी कुणाला सांगायचा नाही" हे वाक्य त्यांना पाठ होते. बँकेच्या भिंतीवर ते लिहिलेले आहे. त्यांनी ते शेवटपर्यंत पाळले, आणि तरीही त्या संध्याकाळी ३ लाख ४० हजार रुपये गेले.

काय घडले

२०२४ चा पावसाळा, शनिवारची संध्याकाळ. पावणेसातच्या सुमारास एका साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून मेसेज आला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत मजकूर असा की, मागच्या महिन्याचे बिल अपडेट झालेले नाही, आज रात्री साडेनऊला वीजपुरवठा बंद होईल, ताबडतोब वीज अधिकाऱ्याशी संपर्क साधा. खाली अधिकाऱ्याचा म्हणून एक नंबर.

बिल भरलेले होते. पावती टीव्हीखालच्या खणात होती आणि गुरुजींनी ती काढून हातात घेतलीही. पण रात्री साडेनऊला वीज गेली तर आईंच्या यंत्राचे काय, हा विचार पावतीपेक्षा मोठा ठरला. मेसेज पाठवणाऱ्याला त्यांच्या घरची परिस्थिती माहीत असण्याचे काही कारण नव्हते. असे मेसेज हजारोंनी सुटतात. कुणाच्या घरी आजारी माणूस असते, कुणाकडे लहान बाळ, कुणाची दहावीची परीक्षा. कुठे ना कुठे ते बरोबर लागतात.

त्यांनी नंबर लावला. पलीकडचा माणूस हिंदीत, अदबीने बोलला आणि नाव घेऊनच बोलला. नंबरावरून नाव काढणे आज अवघड नाही, फोन कुणाचा आहे ते दाखवणाऱ्या ॲपमध्ये ते दिसते. पावतीचे सांगितल्यावर तो वाद घालत बसला नाही. म्हणाला, "पैसे आलेत, फक्त सिस्टीममध्ये अपडेट झाले नाहीत. दहा रुपयांचे एक पेमेंट करा, म्हणजे खाते चालू होईल." मग व्हॉट्सॲपवर त्याने एक फाइल पाठवली. त्याच्या डीपीला महावितरणचे बोधचिन्ह होते.

फाइल एपीके प्रकारची, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून थेट फोनमध्ये चढणारे ॲप. फोनने इशारा दिला की हे ॲप धोकादायक असू शकते. तो म्हणाला, सरकारी ॲपला असेच येते, "तरीही इन्स्टॉल करा" दाबा. ॲपने मेसेज वाचण्याची परवानगी मागितली, तीही दिली गेली. मग एक फॉर्म उघडला : नाव, मोबाइल, ग्राहक क्रमांक, जन्मतारीख, पॅन, आधार क्रमांक. त्यापुढे दहा रुपये भरायचे पान. त्यात डेबिट कार्डाचा क्रमांक, मुदत, मागचे तीन आकडे आणि शेवटी एटीएमचा पिन. भरल्यावर गोल फिरत राहिले आणि "पेमेंट अयशस्वी, पुन्हा प्रयत्न करा" असे आले. गुरुजींनी पुन्हा भरले. माणूस फोनवरच होता, सव्वाआठ वाजून गेले तरी.

माहिती नेमकी कशी गेली

गुरुजींचा पहिला प्रश्न हाच होता : "मला नेटबँकिंग येत नाही, ओटीपी मी सांगितला नाही, मग पैसे गेले कसे?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर प्रत्येक खातेदाराला माहीत हवे.

चोरी दोन वाटांनी झाली. खोट्या पानावर गुरुजींनी स्वतःच्या हाताने कार्डाचा तपशील आणि पिन लिहिला. ओटीपी मात्र त्यांनी लिहिला नाही की सांगितला नाही, तो ॲपने परस्पर उचलला. मेसेजची परवानगी मिळालेले ॲप फोनवर येणारा प्रत्येक मेसेज त्याच क्षणी चोराकडे पाठवू शकते. हे ॲप त्यापुढे गेले होते. मेसेज दाखवण्याचे मुख्य ॲप म्हणून त्याने स्वतःलाच नेमून घेतले होते, त्यामुळे बँकेचे मेसेज गुरुजींना दिसलेच नाहीत.

राहिला नेटबँकिंगचा प्रश्न. अनेक बँकांत डेबिट कार्डाचा तपशील, एटीएम पिन आणि ओटीपी एवढ्यावर घरबसल्या नेटबँकिंग नव्याने सुरू करता येते. सोयीसाठीच ती व्यवस्था आहे. चोराकडे तिन्ही गोष्टी होत्या. त्याने गुरुजींच्या नावाने नेटबँकिंग उघडले. ज्या दाराला कुलूप लावायचे गुरुजींना कधी सुचले नाही, कारण ते दार आहे हेच माहीत नव्हते, त्यातून तो आत शिरला.

बँकेकडून नंतर मिळालेल्या नोंदींवरून वेळा अशा लागल्या. ७ वाजून ३५ मिनिटांनी नेटबँकिंग सुरू. ७:४२ ला पैसे पाठवायला एक नवा खातेदार जोडला. ७:४४ ला ५० हजार गेले. ७:५८ ला मुदत ठेव मोडून तीन लाख बचत खात्यात आले. त्या बँकेत शाखेत केलेली ठेवही ऑनलाइन मोडता येत होती. ८:१४ ला दोन लाख गेले.

७:४४ आणि ८:१४ यांत अर्ध्या तासाचे अंतर का? त्या बँकेत नवा खातेदार जोडल्यावर मोठी रक्कम पाठवायला अर्धा तास थांबावे लागत होते. तो "अधिकारी" इतका वेळ फोनवर का होता, ते यावरून कळते. तो गुरुजींच्या गावातल्या पावसाची चौकशी करत होता, आईंच्या तब्येतीची विचारपूस करत होता. फोन व्यस्त राहावा, दुसऱ्या कुणाचा फोन लागू नये आणि अर्धा तास सरावा, एवढ्यासाठी.

लक्षात कसे आले

खाते उघडताना ईमेलच्या रकान्यात गुरुजींनी मुलाचा पत्ता दिला होता, कारण त्यांचा स्वतःचा नव्हता. ठेव मोडल्याचा ईमेल मुलाला पुण्यात दिसला तो सव्वाआठच्या सुमारास. त्याने वडिलांना फोन लावला, व्यस्त. पुन्हा लावला, तरी व्यस्त. मग शेजारच्या घरी लावला. शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा भिजत धावत आला आणि त्याने गुरुजींच्या हातातून फोन काढून घेतला. तेव्हा ८:२० झाले होते. दोन लाख सहा मिनिटांपूर्वी गेलेले.

पहिला तास : पुढे असलेले पर्याय

पुढच्या दहा मिनिटांत काय करायचे यावर फोनच्या स्पीकरवर चांगलीच चर्चा झाली. काकूंचे म्हणणे, फोन बंद करून टाका. मुलाला वाटले ॲप काढून टाकावे. कुणीतरी फोन फॉरमॅट करायला सांगितले.

फोन बंद केला तर गळती थांबते, पण नोंदणीकृत नंबरच हाताशी राहत नाही, आणि बँकेला ओळख पटवायला तोच लागतो. ॲप काढले तर पुरावा जातो. शिवाय अशी काही ॲप काढली तरी मागे काहीतरी ठेवून जातात. फॉरमॅट केले तर व्हॉट्सॲपवरचे संभाषण, ती फाइल, तो नंबर, सगळेच जाते.

शेजारच्या मुलाने जे केले ते मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत शहाणपणाचे वाटते. त्याने फोन एअरप्लेन मोडवर टाकला, वायफाय बंद आहे ना ते पाहिले, सिम काढले आणि काकूंच्या बटणांच्या फोनमध्ये घातले. नॅनो सिम त्या जुन्या खाचेत बसेना, तेव्हा सेलोटेपची पट्टी लावून बसवले. झाले असे की नंबर चालू राहिला, बँकेचे मेसेज आता डोळ्यांना दिसू लागले, आणि चोराचे ॲप नेट नसलेल्या, सिम नसलेल्या फोनमध्ये अडकून पडले. त्याने ##००२# हा क्रमांकही लावला. कॉल दुसरीकडे वळवून ठेवले असतील तर तो ते सगळे रद्द करतो. ओटीपी फोनवर बोलून सांगण्याची सोय असते, म्हणून चोर कधी कधी कॉलही वळवून ठेवतात.

मग तक्रार आधी कुठे करायची? सायबर फसवणुकीसाठी १९३० ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तिथे नोंद झाली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेपर्यंत सूचना पोचते आणि खात्यात शिल्लक असेल तेवढी रक्कम रोखता येते. लाइन व्यस्त होती. त्यांनी काम वाटून घेतले : मुलाने पुण्यातून सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार भरायला घेतली आणि गुरुजींनी बटणांच्या फोनवरून बँकेला फोन लावला. पोर्टलवर प्रत्येक व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, वेळ आणि रक्कम मागतात. ठेव मोडल्याचा आणि पैसे गेल्याचा ईमेल मुलाकडे होता, म्हणून ते लगेच भरता आले. फक्त एसएमएसवर विसंबलेले असते तर हे आकडे कुठून आणणार होते?

बँकेचा माणूस ८:३१ ला फोनवर आला. गुरुजी म्हणाले, "माझ्या खात्यातून कुणीतरी पैसे काढतंय, सगळं बंद करा." त्याने ओळख पटवली, नेटबँकिंग बंद केले, तक्रार क्रमांक दिला. ८:३७ ला तसा मेसेजही आला.

९:०५ ला डेबिट कार्डावरून परदेशातल्या एका दुकानाच्या नावे आणखी ९० हजार गेले.

हे कसे झाले? २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे नव्या कार्डावर ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार सुरुवातीला बंद असतात, खातेदाराला हवे असतील तर तो चालू करतो. चोराने नेटबँकिंगमध्ये असतानाच ते चालू करून ठेवले होते. परदेशी संकेतस्थळावर कार्ड वापरताना अनेकदा ओटीपी लागतच नाही, त्यामुळे सिम काढल्याचा इथे उपयोग नव्हता. कार्ड बंद करणे हा एकच उपाय होता आणि बँकेच्या माणसाने ते बंद केले नव्हते. तो मेसेज बटणांच्या फोनवर दिसला म्हणून पुन्हा फोन करून कार्ड बंद करून घेतले.

बँकेशी झालेला वाद

सोमवारी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे ६६ सी आणि ६६ डी आणि भारतीय न्याय संहितेतले फसवणुकीचे कलम लागले. बँकेचे उत्तर दोन आठवड्यांनी आले : कार्डाचा तपशील आणि पिन खातेदाराने स्वतः दिला, म्हणून जबाबदारी खातेदाराची.

इथे मुलाचा संताप झाला होता. बँकेने ठेव कशी मोडू दिली यावरच भांडायचे, असे त्याचे म्हणणे. ते म्हणणे मला पटत होते, आजही पटते. पण अर्जात पुढे काय ठेवायचे हा वेगळा निर्णय होता. रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक आम्ही समोर ठेवून वाचले. खातेदाराने स्वतःचा गोपनीय तपशील दिल्यामुळे नुकसान झाले असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याला सोसावे लागते. कळवल्यानंतर झालेले नुकसान बँकेचे. आणि खातेदाराची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे.

म्हणून आम्ही मागणीचे दोन भाग केले. पहिला भाग ९० हजारांचा : तक्रार ८:३१ ला, मेसेज ८:३७ चा, व्यवहार ९:०५ चा. यात वादाला जागाच नव्हती. गुरुजींनी "सगळं बंद करा" म्हटल्याचे कॉलच्या ध्वनिमुद्रणात असेल, ते जपून ठेवावे असेही लिहिले. दुसरा भाग ठेवीचा : ज्या खात्यात वर्षानुवर्षे नेटबँकिंग नव्हते, तिथे ते सुरू झाल्यावर पाऊण तासात ठेव मोडून पैसे बाहेर जातात, आणि बँकेच्या यंत्रणेला काहीच संशय येत नाही, हे कसे? दोन्ही एकत्र मागितले असते तर पहिला भागही दुसऱ्याच्या वादात अडकला असता.

बँकेने दोन्ही नाकारले. लेखी नकार हातात आल्यावर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे गेलो. नकार मिळाला किंवा तीस दिवसांत उत्तरच आले नाही, तर तिथे तक्रार करता येते. तिला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.

जी माहिती परत येत नाही

पैशांच्या मागे लागताना घरच्यांचे एका गोष्टीकडे लक्ष नव्हते, ती मी मुद्दाम पुन्हा पुन्हा काढत राहिलो. पॅन, आधार क्रमांक, जन्मतारीख आणि फोनमधले काही वर्षांचे मेसेज चोराकडे गेले होते. मेसेजमध्ये विम्याच्या पॉलिसीचा क्रमांक होता, गॅसचे बुकिंग होते, आईंच्या दवाखान्याची बिले होती. कार्ड नवे मिळते, पिन बदलता येतो. जन्मतारीख बदलता येत नाही.

मग एकेक केले. आधारचे बायोमेट्रिक लॉक केले, म्हणजे अंगठ्याच्या ठशावर कुणी पैसे काढू नयेत. संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते तपासले, अनोळखी एकही निघाले नाही. क्रेडिट अहवाल मागवला. तो प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो आणि त्यात आपल्या पॅनवर कुणी कर्ज काढले असेल तर दिसते. व्हॉट्सॲपवर दुहेरी पडताळणीचा पिन लावला. निवृत्त शिक्षकांच्या गटातल्या लोकांना काकूंच्या फोनवरून निरोप दिला की गुरुजींच्या नंबरवरून कुठली फाइल आली तर उघडू नका. हा निरोप द्यायला गुरुजींना फार जड गेले. ज्यांना आयुष्यभर शिकवले त्यांना हे कळणार, या विचाराने ते दोन दिवस घराबाहेर पडले नव्हते. पण निरोप गेल्यावर गटातल्या दोघांनी सांगितले की तसाच मेसेज त्यांनाही आला होता.

चार-पाच महिन्यांनी एक फोन आला. "सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे अडकलेले पैसे सुटले आहेत, दोन टक्के प्रोसेसिंग फी भरा." त्याला बँकेचे नाव माहीत होते, पॉलिसीचा क्रमांकही माहीत होता. गेलेली माहिती अशी फिरून येते. गुरुजींनी त्याला लेखी पत्र पाठवायला सांगितले आणि फोन ठेवला.

निष्पत्ती

गेलेल्या दोन लाखांपैकी १ लाख ३५ हजार दुसऱ्या एका खात्यात रोखले गेले होते. ते सोडवायला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागला, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली. आदेश होऊन पैसे यायला बरेच महिने गेले. लोकपालाकडे तक्रार गेल्यावर बँकेने ९० हजार खात्यात जमा केले. उरलेले १ लाख १५ हजार मिळाले नाहीत. ती रक्कम एटीएममधून काढली गेली होती आणि ज्याच्या नावावर ते खाते होते तो स्वतःचे खाते भाड्याने दिलेला एक मजूर निघाला.

वेगळे काय करता आले असते

गुरुजींच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून महावितरणचा वायरमन राहतो. त्याला फोन करावा असे त्यांच्या मनात आलेही होते, पण शनिवारी संध्याकाळी कशाला त्रास द्यायचा म्हणून केला नाही. १९१२ या वीज तक्रारींच्या क्रमांकावरही विचारता आले असते. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडायची तर आधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. संध्याकाळी मेसेज आणि रात्री वीज बंद, असे होतच नाही. हे एक वाक्य बिलावर ठळक छापले तर फार लोक वाचतील.

दुसरी जागा एटीएम पिनची. तो मुख्यतः एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर टाकायचा असतो. दहा रुपयांच्या ऑनलाइन पेमेंटला कुणी तो मागितला की तिथेच फोन ठेवावा.

बँकेला फोन करताना "सगळं बंद करा" म्हणून भागत नाही. नेटबँकिंग, डेबिट कार्ड, युपीआय आणि खात्यातून पैसे बाहेर जाणे, चारही नावे घेऊन बंद करायला सांगावे आणि प्रत्येक बंद झाल्याचे त्याच्याकडून वदवून घ्यावे. त्या दिवशी कुणी हे कागदावर लिहून गुरुजींना वाचायला दिले असते, तर ९० हजारांचा पुढचा वाद उभाच राहिला नसता.

घरच्यांनी यानंतर ठेव ऑनलाइन मोडण्याची सोय शाखेत अर्ज देऊन बंद करून घेतली. कार्डावरचे परदेशी व्यवहार बंद केले आणि सुनेचा नंबरही सूचनांसाठी जोडायला दिला. पण हे सगळे खातेदाराने आठवणीने करायचे आणि बँकेने काहीच करायचे नाही, हे बरोबर नाही. नेटबँकिंग ज्या दिवशी नव्याने सुरू झाले त्याच दिवशी ठेव मोडता येऊ नये, एक दिवस थांबावे लागावे आणि शाखेतून खातेदाराला फोन जावा, अशी मागणी आम्ही लोकपालाकडच्या अर्जात लिहिली होती. तिच्यावर अजून उत्तर आलेले नाही.